शेवटचा पट्टा

ही गोष्ट कुणाला पटायची नाही. माझ्या पुतणीला तर नाहीच. या दीपगृहाचा दिवा आता तीच सांभाळते, आणि काकाच्या थापा तिला तोंडपाठ आहेत. तरी सांगतो.

तेव्हा मी दोराला टांगलेल्या फळीवर बसून दीपगृहाचे लाल पट्टे रंगवत होतो. रंग असा झणझणीत, की एका सीगलनं डब्यात चोच बुडवली आणि गुलाबी अंडी घातली...

"काका!"

बरं, एकच अंडं. तर ब्रशवरून एक थेंब सुटला, तो थेट खाली दीपगृहाचं चित्र काढत बसलेल्या मुलीच्या कागदावर.

"अहो वरचे! काय केलंत हे?"

"फिकं दिसत होतं... जरा जीव ओतला!"

ती हसली, आणि माझी फळी हलली. वारा नव्हता हं.

पाऊस आला तशी ती तळखोलीत शिरली. मीही उतरलो. तिथं भिंतीवर दीपगृहाची जुनी चित्रं आहेत. सगळ्यांत जुन्या चित्रात माथ्यावर नुसता लाकडांचा जाळ, मग पांढरा बुरूज अन् तेलाचा दिवा, मग लाल पट्टे. ओले केस झटकत तिनं एकेक न्याहाळलं.

"इतक्या जणांनी याला काढलं, पण जाळ पेटवणारा कुणीच काढला नाही. रंगवणाराही नाही."

"आमची तोंडं काढण्यासारखी नसतील."

"बघू..." म्हणाली, आणि बघतच राहिली.

त्या थेंबाचा तिनं माझा सदरा केला. चित्रातल्या फळीवर मी बसलो! मग हळूच म्हणाली, "तुमचा वरचा पट्टा झाला, की माझाही होईल. चित्र पुरं. मग... निघायचं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझा रंगच बिघडायला लागला. कधी पातळ, कधी विटकरी. लावायचा, खरवडायचा.

"आज तरी जमणार का?" ती खालून विचारायची.

"हवा दमट आहे..."

"हवेशिवाय दुसरं काही बोलता येतं की नाही तुम्हाला?"

येत होतं. 'राहा' एवढंच तर म्हणायचं होतं. तो शब्द ओठांवर यायचा अन् माघारी फिरायचा. शेवटी मुकादम स्वतः रंग कालवून फळीखाली उभा राहिला.

"काही सांगायचंय?" तिनं विचारलं.

"रंग... छान बसतोय," मी म्हणालो.

संध्याकाळच्या बोटीनं ती गेली. चित्र तेवढं तळखोलीत ठेवून गेली. तिचा पट्टा पुरा, माझा पट्टा पुरा, गोष्टही पुरी. मी तर तिला केव्हाच विसरलो.

"खोटं, काका! साफ खोटं! येता-जाता बघते मी ते चित्र. वरच्या पट्ट्यात तळहाताएवढी जागा तिनं कोरीच सोडलीय. आणि बाहेर भिंतीवर, बरोबर तिथंच... दर वर्षी रंगवताना तुम्हीही सोडताच की!"