जीपला बॅटरी नव्हती

पारोळ्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीतल्या विजेचं गणित साधं असतं आणि गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी मी ते समजावून सांगतो. माझी बायको कुंदा म्हणते, तुमचं शटर बंद होतं, तोंड होत नाही. बॅटरी स्टार्टर फिरवते, कॉइल ठिणगी पाडते, इंजिन चालू होतं. इंजिन फिरू लागलं की डायनॅमो बॅटरी भरत राहतो. पेट्रोलच्या गाडीचं ठिणगीशिवाय पान हलत नाही. यात भुताखेतांना जागाच नाही, असं मला १९८८ सालापर्यंत वाटायचं.

तेव्हा पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात रविवारी सकाळी वीज हमखास जायची आणि टीव्हीवरची मालिकाही नेमकी तेव्हाच लागायची. माझा धाकटा भाऊ भाईदास मग आमच्या जुन्या पेट्रोल जीपची बॅटरी काढायचा आणि छोट्या टीव्हीला जोडायचा. अर्धा गाव ओसरीवर दाटीवाटीने बसायचा. मालिका संपली की बॅटरी परत जीपमध्ये.

त्या रविवारी मालिका रंगात आली होती आणि कुंदाला अचानक कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. सुईण बेबाबाईने पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"बाळ आडवं शे," ती म्हणाली. "धुळे लई जा, लवकर."

आईने आणि मी कुंदाला जीपमध्ये मागे झोपवलं, आई तिच्या उशाशी आणि भाईदास पायाशी बसला. मी किल्ली फिरवली. जीप एका दमात चालू झाली. एरवी ती एवढी गुणी नव्हती. मुकटी गेलं, फागणे आलं. वाटेत बैलगाड्या आडव्या येत होत्या आणि हॉर्न नव्या गाडीसारखा खणखणीत वाजत होता.

"धीर धर, पोरी," आई म्हणत होती. "धुळं उनंच, आते जवळच शे."

सरकारी दवाखान्यात कुंदाला आत नेलं, आई तिच्यामागे गेली. मी इंजिन बंद केलं. भाईदास जीपला टेकून उभा होता, तोंड पांढरंफटक.

"दादा, मी बॅटरी लाईच नही. घरमाच शे ती, टीव्हीले जोडेल."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. दोन जाड केबली मोकळ्या लोंबत होत्या. मी त्यांच्या टोकांना हात लावला. इंजिनाजवळचं लोखंड चटका देतं. ही टोकं नुसती उबदार होती, अंगासारखी.

मी मनात सगळी कारणं तपासली. इंजिन फिरल्याशिवाय डायनॅमो जागा होत नाही. मग इंजिन कुणी फिरवलं?

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"ऑपरेशन करावं लागेल. रक्त फार गेलंय. रक्तपेढीतून दोन बाटल्या आणा, लगेच."

रस्त्यावर रिक्षा दिसत नव्हती. रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

घरून निघताना मला काही माहीत नव्हतं, ते बरं होतं. आता सगळं माहीत होतं. भाईदास जीपला हात लावायला तयार नव्हता. मी एकटाच बसलो.

"जे कोणी असाल," मी हळूच म्हणालो, "एकदाच अजून."

किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं.

परत येईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. बाटल्या आत दिल्या आणि व्हरांड्यात उभा राहिलो. जीप अंगणात घरघरत होती.

मग ती आपोआप बंद पडली.

त्याच क्षणी आतून रडणं ऐकू आलं.

मी जाऊन किल्ली फिरवली. साधा टक्कसुद्धा आवाज नाही.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. भर अंगणात मी जीपला हात जोडले. लोक बघत होते, मला लाज वाटली नाही. कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, पण ऊर भरून आला होता.

संध्याकाळी नर्सने बाळ माझ्याकडे दिलं.

"जन्मल्यापासून मुठी घट्ट आवळलेल्या," ती म्हणाली. "आत्ता उघडल्या. हे काय लागलंय बघा, पुसून जात नाही."

दोन्ही इवल्या तळव्यांवर हिरवट पांढरी भुकटी होती. बॅटरीच्या टोकांना जमते, ती.