वहिनी रोज एक शब्द बदलते

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा. मला बरंच वाटेल.

माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आणि रात्र नव्हती हो. सुट्टीचा दिवस, भर दुपार, बाहेर लख्ख ऊन.

जागा हॉस्पिटलमधली कॉम्प्युटरची खोली. एक्स-रेच्या मागे, खिडकी नसलेली. एसीची घरघर सोडली तर चिटपाखरू नाही.

तिथे आधी दोघं काम करायची. माझा दादा आणि वहिनी. आता एकटी वहिनी.

दादा गेला तो त्याच इमारतीत, वर आयसीयूत. घशात नळी. शेवटच्या दिवशी त्याने वहिनीचा हात धरला आणि ओठ हलवले. परत परत. तिने कान जवळ नेला...

नुसता मशीनचा श्वास. फुस्स... फुस्स...

काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

वहिनी फारशी रडली नाही. पण जेवताना घास हातात तसाच धरून थांबायची. "काय म्हणत असेल गं तो?" एवढंच विचारायची.

तर ती दुपार.

हॉस्पिटलात एक मुख्य सर्व्हर आहे. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड त्याच्यापाशी. कुणीही कुठेही लॉगिन केलं की तो कॉम्प्युटर आधी सर्व्हरला विचारतो, "हा आपल्यातला का?" दादाने त्या सर्व्हरचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. सगळ्या जगाची खबर ठेवते म्हणून. (दादाच्या लेकीची, चिमीची, आत्या मीच. टोमणा कुणाला होता ते वेगळं सांगायला नको.)

आजवर ही विचारपूस उघड्यावर चालायची. पोस्टकार्डासारखी. वाटेत बसून कुणीही पासवर्ड वाचावा. आणि वाचलेही कुणीतरी. पेशंटांची माहिती बाहेर गेली, बोंबाबोंब झाली. वरून हुकूम आला, सगळं एन्क्रिप्ट करा. म्हणजे पाकीट बंद, वर लाख. उघडी वाट त्या दिवशी कायमची बुजवायची होती.

वहिनीने सगळ्यात आधी आयसीयूला बंद वाटेवर आणलं.

आणि आयसीयूत कुणाचंच लॉगिन होईना.

लगेच सिस्टरचा फोन. "ताई, स्क्रीन उघडत नाहीये. आजोबांना औषध किती द्यायचं ते आतच अडकलंय. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत."

"करते गं. कळ काढ जरा."

"मी काढीन हो. आजोबांचं काय?"

तारेवरून काय येतं, काय जातं ते दाखवणारा प्रोग्राम वहिनीने लावला. दुखणं लगेच सापडलं. सर्व्हरच्या नव्या सर्टिफिकेटवर त्याचं लांबलचक कागदोपत्री नाव. आणि आयसीयूच्या कॉम्प्युटरांना दादाने शिकवलेलं नाव एकच, आत्याबाई. ओळखपत्रावरचं नाव जुळेना, म्हणून ते तोंड फिरवत होते. दोन्ही नावं घालून नवं सर्टिफिकेट करायचं, सर्व्हर बंद करून परत चालू करायचा, झालं.

"गेलास तरी घोळ घालतोयस," वहिनी पुटपुटली. जराशी हसलीसुद्धा.

तेवढ्यात उघड्या वाटेवरून एक ओळ आली...

लॉगिन. दादाच्या नावाने.

त्याचं खातं तिने मिटवलं नव्हतं. हात धजावला नव्हता. पासवर्ड तेवढा बदलला होता.

आणि वाट उघडी. टाकलेला पासवर्ड तिला समोर वाचता येत होता.

चिमी

चुकीचा. सर्व्हरने नकार दिला.

थोडं थांबून...

लवंगी

वहिनी स्क्रीनजवळ सरकली. लवंगी असं तो तिला म्हणायचा. भांडण मिटल्यावर, दार लावून. मी सख्खी बहीण, पण मलाही हे नाव माहीत नव्हतं.

नकार. परत...

लवंगीऐक

हे येतंय कुठून? प्रोग्राम सांगत होता, आयसीयू, खिडकीजवळची खाट.

दादाची खाट.

तिने वळून मागच्या कपाटात पाहिलं, जिथे सगळ्या वॉर्डांच्या वायरी येऊन बसतात. त्या खाटेकडे जाणारी वायर तिनेच उपसून काढली होती, तो गेला त्या आठवड्यात. वायरचं टोक तसंच लोंबकळत होतं. पण ज्या भोकात ती बसायची, त्या रिकाम्या भोकावरचा हिरवा दिवा...

लुकलुकत होता.

तिने फोन उचलला. "सिस्टर, खिडकीजवळच्या खाटेवर कोण आहे?"

"कुणी नाही. वॉर्डात एकटे आजोबाच."

फोनमध्ये मागून आवाज येत होता. फुस्स... फुस्स...

"मग श्वासाचं मशीन कुणाला लावलंय?"

"कुणालाच नाही हो! आजोबांना साधा ऑक्सिजन आहे. ताई, त्यांचं बीपी उतरायला लागलंय. लवकर करा ना!"

स्क्रीनवर नवी ओळ.

सांगायचंराहिलं

नवं सर्टिफिकेट तयार होतं. एक बटण दाबायचं. सर्व्हर परत उठला की सगळे बंद वाटेने येणार, उघडी वाट बुजणार.

फुस्स...

पुढचा श्वास आला की पुढचा शब्द येणार. एवढं तिला कळत होतं.

"ताई!"

"आले, आले," वहिनी म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिला अजून सांगता येत नाही.

आणि बटण दाबलं.

"उघडलं! ताई, उघडलं!" सिस्टर ओरडली. आजोबा वाचले. पुढे आपल्या पायांनी घरी गेले.

वहिनी स्क्रीनकडे बघत बसली. बंद वाटेने एक लॉगिन आलं. दादाच्या नावाने. नव्या सर्टिफिकेटवर त्याने मुकाट विश्वास ठेवला, इतरांसारखे आढेवेढे नाहीत. पण पासवर्डाच्या जागी आता नुसतं गिचमिड. पाकीट बंद. लाख तिनेच लावलेली.

नकार.

तेव्हापासून ते रोज येतं. दुपारी, खोलीत दुसरं कुणी नसताना.

मी म्हटलं, "उघड की ती वाट घटकाभर. कोण बघतंय?"

"आणि त्या घटकेत दुसऱ्या कुणाचं वाचलं गेलं तर? हॉस्पिटल आहे ते, माझं घर नाही."

मग तिनेच एक रीत काढली. रोज सकाळी कामावर गेली की दादाच्या खात्याचा पासवर्ड बदलते. त्याला काय म्हणायचं असेल, तो शब्द घालते. जुळला तर लॉगिन होईल. म्हणजे कळेल. पाकीट न फोडता आतलं ओळखायचं, दुसरं काय.

काळजीघे घालून झालं. चिमीलासांभाळ झालं. माफकर झालं. मी सुचवलेलं सुखाचीराहा, तेही झालं.

रोज नकार.

संध्याकाळी येते, चपला काढते आणि दारातूनच मान हलवते. मी पुढचं विचारत नाही. पान वाढते.

काल म्हणाली, "तुझा भाऊ ना तो? मग तूच सांग. काय राहिलंय अजून?"

"नाही गं सुचत," मी म्हटलं.

सुचतंय. पुष्कळ दिवस झाले, सुचतंय.

तूपणये

जिभेवर येऊ देत नाही मी. पण वहिनी हुशार आहे. माझ्याहून कितीतरी.

आज सकाळी निघताना तिने चिमीला जवळ घेतलं. जरा जास्तच वेळ. मी विचारलं, "आज काय घालणारेस?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

दुपार व्हायला आलीय...