दुपारी मिटणारा हात

"दुपारी माझा हात कोणीतरी वापरतंय," बांधणीवाली म्हणाली आणि तिने डावा यांत्रिक हात काढून टेबलावर ठेवला.

भाचेबुवा खुर्चीसकट मागे सरकले. टक्कल पडलं, तरी मावशीच्या शोधकामात त्यांचा हुद्दा भाचा हाच होता.

ती पुस्तकांची बांधणी करायची. जेवणानंतर हात चार्जिंगला लावून तासभर पडायची. उठून बघावं, तर बॅटरी उलट उतरलेली.

"सासूबाईंच्या डोळ्यांत तो पहिल्यापासून खुपतो. लेक तर बघूनच पळते. तिचा हात धरायला म्हणून बसवून घेतला होता मी. उद्या परत करणार."

मावशीने तिच्या मोबाइलवरची हाताची नोंद पाहिली. काल दुपारी हात दोनशे वेळा मिटला होता, तोही अगदी हलक्या जोराने.

"एवढ्याशा जोराने काय उचलता येतं?"

"कागदही निसटतो."

स्नायूंचा इशारा घेणाऱ्या दोन चकत्या वायरीने हाताला जोडलेल्या होत्या. मावशीने त्या हुंगल्या. तेलाचा वास आला.

"तुम्ही तेल लावता?"

"छे, चकत्या घसरतात."

संध्याकाळी मावशी आणि भाचेबुवा तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. नवरा म्हणाला, "मी दिवसभर छापखान्यात असतो, कुणालाही विचारा." सासूबाई दुखऱ्या कोपराला तेल चोळत बसल्या होत्या. "मला त्या यंत्रातलं काय कळतंय?" त्या फटकन म्हणाल्या.

पाच वर्षांची लेक टेबलाखाली दडली होती. मावशी तिच्याजवळ वाकली. "हाताची भीती वाटते?"

"त्याचा अंगठा शेवटी मिटतो," पोर पुटपुटली.

"म्हातारीचंच काम," भाचेबुवा कुजबुजले. "मोडायचा डाव आहे."

"काम त्यांचंच. पण मोडायचा असता, तर एकदा आपटला असता. दोनशे वेळा हळूच कोण मिटवेल? सासूबाईंनी चकत्या स्वतःच्या हाताला लावल्या, तेल तिथून आलं. आणि बघून पळणाऱ्या पोरीला अंगठ्याचं कसं कळलं? रोज दुपारी तिचं बोट त्या मुठीत असायचं."

सासूबाईंनी सुनेसमोर मान खाली घातली. "पहिल्या दिवशी ती किंचाळली होती. तुझ्यासमोर पुन्हा तसं झालं असतं, तर तू पार खचली असतीस. म्हणून आधी माझ्यापाशी तिला त्याची सवय लावली."

बांधणीवालीने हात चढवला आणि टेबलाखाली पुढे केला. पोर बाहेर आली आणि तिने तो धरला.

"मला यात काही जाणवत नाही गं, सोन्या," आई रडत म्हणाली.

"मी सांगते ना," पोर म्हणाली. "आत्ता मी घट्ट धरलाय."