मागच्या दाराची साक्ष

"ताई, सही कर... माझ्यासाठी नको, हिच्या पोटातल्या जिवासाठी तरी कर!"

धाकट्याने कागद टेबलावरून थोरलीपुढे सरकवला आणि पेन तिच्या हातात जवळजवळ कोंबलंच. दर रविवारी चर्चमध्ये ज्या आवाजाने सगळी मंडळी भारावून जायची, तोच आवाज स्वयंपाकघरात असा केविलवाणा झाला होता. दाराशी भावजय उभी होती. आठवा महिना, एक हात कमरेवर, डोळे रडून सुजलेले.

थोरलीने कागद वाचला. तीनच ओळी होत्या. लॉन्ड्रीचं मागचं दार त्या दिवशी उघडंच होतं. वाफेचा नळ फुटला तेव्हा कामगार चिमणी घाबरून जागच्या जागी थांबली, म्हणून भाजली. खाली सहीसाठी जागा. आणि अक्षर... अक्षर धाकट्याचं होतं! त्याचा हात हातात धरून तिनेच गिरवून घेतलेलं ते गोलसर, सुबक अक्षर!

आईवडील गेले तेव्हा ती सोळाची होती, तो सहाचा. तिने शाळा सोडली आणि लॉन्ड्रीत लागली. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, उकळत्या हौदांची वाफ... त्यातच तिचं तारुण्य विरघळून गेलं. दोनदा लग्न जमत आलं आणि 'भाऊ माझ्याबरोबर येणार' एवढ्या एका अटीवर दोन्हीदा फिसकटलं. तिने कधी कुरकूर केली नाही. धाकटा शिकून चर्चचा पाळक झाला आणि पहिल्यांदा उपदेशाला उभा राहिला, त्या सकाळी शेवटच्या बाकावर बसून ती इतकी रडली, की शेजारच्या बाईने काळजीने विचारलं, "घरात कोणी गेलं का हो?"

लॉन्ड्रीचे मालकच मंडळीचे मुख्य पंच होते. त्यांच्या शब्दावर पाळक येत आणि जात. हे राहतं घरसुद्धा चर्चचं होतं. उद्या अपघाताच्या चौकशीला सरकारी अधिकारी येणार होते.

"दार बंद होतं रे," थोरली हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला. मालकांनीच सांगितलं. आणि किल्ली कोणाकडे होती, तेही सांगितलं."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

चादरी चोरीला जातात म्हणून मालकांनी मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायला लावलं होतं आणि किल्ली मुकादमीण म्हणून तिच्या कमरेला असायची. नळ फुटला तेव्हा ती इस्त्रीच्या खोलीत होती. किंकाळी ऐकून ती अंगणातून वळसा घालून धावली, पण हात असे थरथरत होते, की किल्ली कुलपात जाईचना... आणि दारापलीकडे चिमणी "मुकादमबाई, उघडा! मुकादमबाई!" म्हणून टाहो फोडत होती. चिमणी इस्पितळात पडून तीन आठवडे झाले, तरी त्या हाका थोरलीच्या कानांतून हलल्या नव्हत्या.

"तू खरं बोललीस तर पहिला दोष तुझ्यावर येईल, ताई! तुला कोर्टात उभं करतील, कदाचित आत टाकतील! तुला वाचवायला लिहिलंय मी हे."

"मला वाचवायला?"

त्याने मान खाली घातली. "तुला... आणि या घरालाही."

"गेल्या महिन्यात तू उपदेश केलास," ती म्हणाली, "लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाचा. मंदिरातला याजक त्याला बघून पलीकडच्या बाजूने निघून गेला. तू म्हणालास, तो काही दुष्ट नव्हता, घाबरला होता बिचारा. मला वाटलं, किती छान समजावतो माझा धाकटा! आता रोज डोळ्यांसमोर तो रस्ता येतो रे... आणि पलीकडून जाणारी मीच असते."

"उपदेश वेगळा आणि संसार वेगळा!" तो ओरडला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून दचकला. त्या शरमेनेच त्याचा तोल गेला. "आई असतीस तर मुकाट्याने सही केली असतीस. शेवटी बहीण ती बहीणच!"

थोरलीच्या काळजाला जणू कोणी डागणी दिली. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या जेवणाच्या खोलीत बाकं मांडली होती. समोर अधिकारी, शेजारी मालक, आणि मालकांनी मुद्दाम बोलावून बसवलेला धाकटा. एकेक कामगार उठे, मालकांकडे बघे आणि "मी पाहिलं नाही" म्हणून खाली बसे. थोरली मनातल्या मनात प्रार्थना करत होती. प्रभू, माझी पाळी येऊच नये... नाही, लवकर येऊ दे! काय मागावं तेच तिला कळेना.

तिला पुकारलं. ती उठली, आणि मालकांकडे न बघता म्हणाली, "दाराला कुलूप होतं. मालकांनी घालायला सांगितलं होतं, आणि घातलं मी. किल्ली माझ्याकडे होती. चिमणीचा काही दोष नाही."

खोलीत कुजबुज उसळली. मालक मवाळपणे हसले. "बाईंच्या मनावर परिणाम झालाय. पाळकसाहेब, तुम्हीच सांगा यांना."

धाकटा उठला. त्याने एकदा बहिणीकडे पाहिलं... तिचे भाजून, सोलून खडबडीत झालेले हात त्याला जणू पहिल्यांदाच दिसले!

"ती शुद्धीवर आहे," तो म्हणाला. "शुद्ध माझी गेली होती. दार उघडं होतं असा कागद मालकांच्या सांगण्यावरून मी लिहिला. खोटं आहे हे माहीत असून लिहिला. माझी बहीण खरं बोलतेय."

मग इस्त्रीवाली उठली. मग हौदावरचे दोघे उठले. "कुलूप होतं, साहेब. आम्हीही सांगतो."

बाहेर व्हरांड्यात धाकट्याने थोरलीचे पाय धरले. "ताई, काल मी जे बोललो..."

"ऊठ. लोक बघताहेत." तिने त्याला ओढून उभं केलं आणि लहानपणी पुसायची तसे पदराने त्याचे डोळे पुसले.

मालकांवर खटला भरला गेला. थोरलीची नोकरी सुटली, आणि तिलाही कोर्टाच्या खेपा लागल्या. घर सोडायला पंधरा दिवस मिळाले. भावजय दिवसभर भांडी बांधत राहिली. संध्याकाळी थोरलीजवळ येऊन म्हणाली, "ताई, नव्या जागेत बाळाला तुमच्याच खोलीत झोपवायचं हं. याच्या बापाचं घोरणं कोण सहन करणार!" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या सकाळी बहीणभाऊ इस्पितळात गेले. चिमणीच्या दोन्ही हातांना खांद्यापर्यंत पट्ट्या होत्या.

"किल्ली माझ्याकडे होती," थोरली म्हणाली.

"माहीत आहे. दाराच्या फटीतून तुमचे हात दिसत होते मला."

"मग... मग सांगितलं का नाहीस कोणाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." चिमणीचे डोळे भरून आले. "फार दिवस लावलेत हो, मुकादमबाई!"

थोरली खाटेशी बसली.

"माफ केलं की नाही, ते माझं मलाच अजून कळत नाही," चिमणी म्हणाली. "पण उद्या या. परवाही या."

धाकटा चाचरत पुढे झाला. "मी... प्रार्थना करू?"

"करा ना. पण आधी माझं नाक खाजवा कोणीतरी! सकाळपासून जीव चाललाय नुसता."

थोरलीला रडता रडता हसू फुटलं. धाकटा वाकला आणि अगदी गंभीरपणे चिमणीचं नाक खाजवू लागला.

"जरा वर," चिमणी म्हणाली. "हां... तिथेच."