किनाऱ्यावर हलवलेला दिवा

शेगडीजवळ सरका, पोरांनो. तोर्लाइफ माझा मावसभाऊ. थाप मारायला लागते तेवढी कल्पनाशक्ती देवाने त्याला दिलेली नाही, म्हणून सांगतो.

गेल्या फेब्रुवारीची अकरा तारीख. रात्री सव्वाअकराला तो कॅमेरा घेऊन निघाला. नगरपालिकेच्या दिनदर्शिकेसाठी, आपल्या उत्तरेकडे हिवाळ्याच्या रात्री आकाशात नाचतो त्या हिरव्या उजेडाचा फोटो सकाळपर्यंत पाठवायचा होता. फोटो निवडला गेला, तर पर्यटकांना फोटो शिकवायची नोकरी पक्की. कॉड माशांची पोटं फाडण्यातून कायमची सुटका. सतरा वर्षं तेच काम. कितीही साबण घासला तरी बोटांना यकृताच्या तेलाचा वास, आणि बायको गुन्वोर भिंतीकडे तोंड करून झोपायची.

सासू ओस्लौगने दारात अडवलं. समुद्राकडे दिवा हलवू नकोस, म्हणाली. आपल्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ एकच, होडी इकडे आणा. "आणि बोलावलेल्याला परत पाठवत नाहीत, जावईबापू."

"कोण येणार, बुडालेले? त्यांना सांगा, येताना मासे आणू नका."

किनाऱ्यावरच्या मांडवांवर कॉडची मुंडकी सुकत होती. हजारो. जबडे उघडे. वर हिरवा उजेड लहरत होता, पण मुंडकी फोटोत काळी येत होती. म्हणून त्याने वीस सेकंद शटर उघडं ठेवलं आणि टॉर्चचा झोत त्यांच्यावरून फिरवला. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मांडवांपलीकडे लगेच पाणी... झोत तिथेही जात होता.

फोटो सुरेख आला.

मग वास आला. सुक्या माशाचा नव्हे, तो त्याच्या ओळखीचा. हा ओला. गोडसर. उन्हाळ्यात पिंपात विसरलेल्या आतड्यांचा. पाण्यात काहीतरी चुबकलं... पुन्हा. जवळ. त्याने टॉर्च विझवली. आवाज थांबला नाही. तिथेच त्याला ओकारी झाली. मागे वळून न बघता तो पळाला.

घरी येऊन कडी घातली. फोटो पाठवला. दोनदा तोंड धुऊन झोपला.

सकाळी गुन्वोर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "तोर्लाइफ, हे कुणाचे?"

कडी आतून तशीच. घरात येणाऱ्याने बूट दाराशी काढावेत, ही आपली रीत. त्या रीतीने तिथे रबरी बुटांची एक जोडी काढून ठेवलेली. कुजकी. काठोकाठ करड्या, बुळबुळीत लगद्याने भरलेली. त्यात बारीक पांढरं काहीतरी वळवळत होतं. टाचा दाराकडे, चवडे घराकडे.

पुढे फरशीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

नोकरी मिळाली त्याला. बूट मात्र ओस्लौग टाकू देत नाही. पाहुणा निघेल तेव्हा घालील, म्हणते.

अकरा महिने झाले. तिथेच आहेत...

अजून ओले.