पांढऱ्या मातीची विहीर

मंगळवारी सकाळी नवव्या किलोमीटरवरच्या ओटिलियाच्या स्वयंपाकघरात माते या कढत, कडू पेयाची दुसरी फेरी चालू होती, तेव्हा गोठ्यातल्या बैलाने दावं तोडलं. तिचा नवरा वाल्डेमार खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याने शिवी हासडली, टोपी घेतली आणि "येतोच" म्हणून बाहेर पडला. पहाटे दव गोठलं होतं. अंगणातल्या गवतावर पांढुरका थर होता आणि त्यात त्याच्या बुटांचे ठसे कुंपणापर्यंत दिसत होते.

बैल दुपारी आपल्या पायांनी परत आला. वाल्डेमार आला नाही.

संध्याकाळी त्याची टोपी ओढ्याकाठच्या झुडपात सापडली. तिथून ओढा पाराना नदीला मिळतो तिथपर्यंत पाऊण तासाची वाट, आणि नदीने नेलेला माणूस कुठे लागतो ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. वाल्डेमारला पोहता येत नव्हतं. डेन्मार्कातून दोन महिने बोटीतून आलेल्या माणसाचा हा मुलगा, पण गुडघाभर पाण्यातही काठाला धरून चालायचा. ओटिलियाने पंचवीस वर्षं त्याची यावरून थट्टा केली होती. त्या रात्री त्या थट्टेतला एकेक शब्द तिला आठवत राहिला.

बुधवारी सकाळी शोधायला निघण्याआधी माणसं तिच्याकडे जमली. मुलगा रुबेन, शेजारचा कासिमीर आणि शोधपथकाचा म्होरक्या बारेइरो. कोणी काही खाल्लं नाही, पण माते नको म्हणायची पद्धत नाही. ओटिलियाने तुंब्यात हिरव्या पाल्याचा चुरा भरला, नळी खोचली, पाणी ओतलं. पहिला स्वतः प्यायली. दुसरा रुबेनला, तिसरा कासिमीरला, चौथा बारेइरोला. तुंबा एकच, नळी एकच, आणि प्रत्येकाने संपवून परत तिच्याच हातात द्यायचा. ज्याला पुरे झालं तो परत देताना आभार मानतो. तोवर त्याला वगळायचं नाही.

पाचवा तिने भरला आणि खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला.

ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. पंचवीस वर्षांची सवय, हाताला कोण सांगणार की आज माणूस नाही? बाकीच्यांच्याही ते लक्षात आलं. रुबेनने मान खाली घातली. कासिमीर उगाचच काडेपेटीशी चाळा करत बसला. तुंबा उचलून घ्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती पाठ वळवून चुलीत लाकूड सारू लागली.

मागून आवाज आला. तळाशी उरलेला घोट नळीतून ओढताना होतो तो, सुर्र असा.

ती वळली. तिघेही पुरुष आपापल्या जागी होते. टेबलाच्या त्या टोकाला कोणाचाच हात पोचला नसता. तिने तुंबा उचलला. रिकामा होता आणि बाहेरून गार होता.

"गळतोय," कासिमीर म्हणाला.

"टेबल कोरडं आहे," बारेइरो म्हणाला. मग त्याने हॅट चढवली आणि सगळ्यांना घेऊन तो नदीकडे गेला.

ओटिलिया विहिरी खणणाऱ्याची मुलगी. तिचा बाप या गावात आला तेव्हा इथे रस्ता नव्हता, नुसतं जंगल होतं आणि झाडांवर ठोकलेले किलोमीटरचे आकडे. त्याने तिला एकच गोष्ट शिकवली होती. जमिनीखाली काय आहे ते अंदाजाने बोलायचं नाही, दोर सोडून मोजायचं. म्हणून माणसं गेल्यावर ती रडत बसली नाही. तिने दुसरा तुंबा काढला, पाण्याने भरून तासभर उन्हात ठेवला. थेंब गळला नाही. मग त्यात माते भरला, खुर्चीसमोर ठेवला आणि नजर न हलवता पाहत राहिली. काही झालं नाही. पाठ वळवली आणि वीस आकडे मोजले. सुर्र.

मग तिने गार पाण्याचा करून पाहिला. तसाच राहिला. पुन्हा कढत. संपला. चौथ्या वेळी तिने दोन चमचे साखर घातली, पाठ वळवली आणि शंभरापर्यंत मोजलं. तुंबा भरलेलाच होता, फक्त टेबलाच्या कडेपासून तिच्या बाजूला वीतभर सरकलेला.

ओटिलियाला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "मेल्या, अजून तुझे नखरे आहेतच का?" ती खुर्चीकडे पाहून मोठ्याने म्हणाली. साखर घातलेला माते म्हणजे लहान पोरांचं पेय असं वाल्डेमार म्हणायचा. मग तिला भीती वाटली, पण ती त्या खुर्चीची नव्हती. आपण वेड्या होतोय आणि तरी आनंदात आहोत, याची होती. मेलेल्या माणसाला तहान कशाला लागेल? त्या दिवशी तिने आणखी अकरा तुंबे भरले, कढत आणि बिनसाखरेचे. अकराही प्यायले गेले.

गुरुवारी सकाळी बारेइरो एकटाच आत आला. दारात उभं राहून हॅट हातात फिरवत राहिला, म्हणजे काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं होतं.

"ओटिलियाबाई, आज शेवटचा दिवस. नदीने खाली बोटी थांबतात त्या घाटापर्यंत जाऊन बघतो. संध्याकाळी माणसांना घरी पाठवावं लागेल. मातेच्या पाल्याच्या तोडणीचे दिवस आहेत, तुम्हाला माहितीये."

"तो जिवंत आहे."

"देव करो नि तसंच असो."

"देवाला मध्ये आणू नका. मी सांगतेय."

रुबेन पुढे झाला. "आई, पुरे आता. काल तू दिवसभर त्या खुर्चीशी बोलत होतीस. कासिमीरकाकाच्या बायकोने ऐकलं."

"तिला म्हणावं, कान एवढे लांब आहेत तर शोधायला ये." ओटिलियाने खुर्चीसमोरचा तुंबा उचलला. पहाटे भरून ठेवलेला, आता रिकामा. उचलताना तो तिच्या बोटांतून सटकला. बाहेरून काहीतरी बुळबुळीत लागलं होतं.

तिने तो उजेडात नेला. तुंब्याच्या पोटावर मातीचा लपका होता, अंगठ्याएवढा. पांढरट राखाडी, लोण्यासारखी मऊ माती.

या मुलुखात माती लाल असते. कपडे लाल, कुत्री लाल, पोरांच्या टाचा लाल, धुतलेल्या चादरीसुद्धा लाल. पांढरी माती ओटिलियाने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती, बापाच्या बुटांवर. पंधरा मीटरच्या खाली गेल्यावर लागायची, तीही सगळीकडे नाही. बापाने खणलेल्या विहिरींपैकी दोनच तशा निघाल्या. लहानपणी ती दोन्हीकडे त्याचं जेवण घेऊन गेली होती. एकीवर आता पंप बसला होता आणि तिच्यावर सिमेंटचं झाकण होतं. दुसरी लिंडक्विस्टच्या जागेत होती. ती स्वीडिश माणसं ओळीने तीन वर्षं थंडीने पीक मारलं म्हणून सामान बांधून निघून गेली, त्याला सतरा वर्षं झाली होती. आता तिथे घर नव्हतं, वाट नव्हती, नुसता बांबू माजला होता. नदीच्या बरोबर उलट्या बाजूला.

"मोठा दोर घ्या," ती म्हणाली. "तो विहिरीत आहे. लिंडक्विस्टच्या."

"टोपी ओढ्याकाठी मिळाली, बाई."

"टोपी वाऱ्याने जाते. माणूस जात नाही."

बारेइरोने तिच्या बोटांवरची माती पाहिली. कुठून आली ते विचारण्यासाठी त्याने तोंड उघडलं आणि खुर्चीकडे नजर जाताच मिटलं.

"बारा वाजेपर्यंत," तो म्हणाला. "बारानंतर नदी."

बांबू तोडत पोचायला दीड तास लागला. विहिरीवर नेच्यांचं रान होतं. तिच्या तोंडावर टाकलेल्या फळ्यांपैकी मधल्या दोन मोडून आत गेल्या होत्या आणि मोडलेलं लाकूड ताजं, पिवळं दिसत होतं.

ओटिलिया पोटावर झोपली. आतून गारवा आला आणि ओल्या मातीचा वास, बापाच्या कपड्यांना यायचा तोच.

"वाल्डेमार!"

काही नाही.

"वाल्डेमार! अरे, मी आहे!"

खूप खालून, पण अगदी स्वच्छ, आवाज आला. "ओरडू नकोस. ऐकू येतंय."

रुबेन पोरासारखा रडू लागला. कासिमीरने पोलिश भाषेत एक मोठी प्रार्थना म्हटली, की मोठी शिवी दिली, ते कुणाला कळलं नाही. दोराची गाठ बारेइरोने मारली.

दोराचा फास वाल्डेमारने स्वतःच काखेत घेतला. वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते आणि छातीपासून खाली तो भिजलेला होता. छातीच्या वर कोरडा.

कोरडा शर्ट पाहून बारेइरो थांबला.

"पाणी किती होतं?" त्याने विचारलं.

"छातीएवढं," वाल्डेमार म्हणाला. "उभा होतो."

त्याला घोंगडीत गुंडाळून रस्त्यावर ठेवलेल्या ट्रककडे नेलं. ओटिलिया निघणार तेवढ्यात तिने पाहिलं, बारेइरो बांबूला बांबू बांधत होता. त्याने ती काठी विहिरीत सोडली. पाणी लागलं. काठी आणखी खाली गेली, एक पुरुष, दोन पुरुष, आणि त्याच्या हातातलं टोक संपलं. तळ लागला नाही. त्याने चारही बाजूंनी चाचपून पाहिलं. ओटिलियाला ती विहीर माहीत होती. बापाने तिच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत केल्या होत्या. पाय ठेवायला तिथे एक खाच नव्हती.

शहरातल्या दवाखान्यात दुपारचं ऊन खाटेवर येत होतं. डॉक्टर म्हणाला, चार दिवसांत घरी न्या, घोड्यासारखं हृदय आहे. ओटिलियाने कोमट पाणी मागून घेतलं आणि त्याचे पाय स्वतः धुवायला बसली. असं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं आणि ते तिने त्याला सांगूनही टाकलं.

"मग दर वर्षी पडत जाऊ का?" वाल्डेमार म्हणाला.

पांढरी माती धुतली गेली तशा घोट्यांवर निळ्या खुणा दिसल्या. दोन्ही घोट्यांवर सारख्याच. पुढे एक जाड खूण, मागे चार. तिने आपला हात वर ठेवून पाहिला. बोटं तिच्या बोटांपेक्षा लांब होती, आणि पकड खालून होती.

तिने टॉवेलने पाय हळूच टिपले.

"माते पोचत होता तुला?" तिने विचारलं. रुबेनने चमकून आईकडे पाहिलं.

"पोचत होता ना. कढत. आधी तो प्यायचा, मग मला उरलेला अर्धा द्यायचा. एकदा तू साखर घातली होतीस. मला तर तेव्हा गुळाचं पाणीही चाललं असतं. पण त्याने परत पाठवला. त्याला गोड चालत नाही."

ओटिलियाचा टॉवेल हातात तसाच राहिला.

वाल्डेमारने डोळे मिटले. झोप त्याला ओढत होती. मग काहीतरी आठवल्यासारखे त्याने ते पुन्हा उघडले.

"त्यालाही काढलंत ना वर? तीन दिवस एका जागी उभा होता बिचारा."

बाहेरच्या ओसरीवर माणसं हसत होती, कोणीतरी सिगारेटी वाटत होतं. शोध संपला होता आणि बारेइरो दोराचं भेंडोळं करत होता.

ओटिलिया उठली. नवऱ्याच्या अंगावरची घोंगडी तिने गळ्यापर्यंत ओढली, स्वतःचे मोजे त्याच्या पायांत चढवले आणि बाहेर आली.

"दोर गुंडाळू नका," ती म्हणाली. "अजून एक जण आहे खाली."

ओसरीवरचं हसणं थांबलं. कासिमीर तिच्याकडे पाहू लागला, आता ही कायमची बिघडली अशा नजरेने. बारेइरोने मात्र भेंडोळं खांद्यावर टाकलं.

"मी कोणाला बोललो नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तिसऱ्या बाजूला बांबू घातला, तेव्हा पाण्यातून कोणीतरी तो हाताने बाजूला केला. हळूच. डोळ्याला लागू नये म्हणून करतात तसा."

आणि तो ट्रककडे चालू लागला. उजेड अजून दोन तास होता.