एका केबलमधला तिसरा कप्पा

बारटक्के आजींचा टीव्ही नेमका शनिवारी संध्याकाळीच का रुसला, हे कोडं रविवार उजाडला तरी सुटलं नव्हतं.

छतावर चढून तपासणी करणारा वसाहतीचा यंत्रमानव खारू सकाळीच वर जाऊन आला आणि म्हणाला, "डिशची छत्री ठीक. केबल ठीक. जोड ठीक." आजींचा सेट टॉप बॉक्सही ठीक होता. आत्ता तर चित्र अगदी लख्ख दिसत होतं. मग काल झालं तरी काय?

शेजारची तनया गरम धिरडी घेऊन आली, तेव्हा आजी खिडकीशी बसल्या होत्या. तनयाची आई पवनचक्क्यांवर इंजिनिअर होती, म्हणून मायलेकी साताऱ्याजवळच्या या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) राहायला आल्या होत्या. इथला वारा असा, की घरोघरी छत्री लावली तर आठवड्याभरात ती दरीत जायची. म्हणून चार घरांना मिळून एकच छत्री घट्ट बसवलेली होती आणि तिच्यापासून निघालेली एकच केबल घराघरांतून फिरलेली होती.

"आजी, काल काही महत्त्वाचं होतं का?"

"टिटवी गेली काल," आजी म्हणाल्या.

टिटवी म्हणजे शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर उतरलेलं यान, हे तनयाला शाळेत शिकवलं होतं. पण त्या यानाचा 'कान', म्हणजे तिथला वारा ऐकणारा मायक्रोफोन, ज्यांनी घडवला त्यांत बारटक्के आजी होत्या, हे तिला आज कळलं. काल यानाची बॅटरी संपणार होती आणि टिटवीचा शेवटचा आवाज टीव्हीवर थेट ऐकवणार होते.

"बातम्यांत पुन्हा लावतील ना?"

"लावला की सकाळी. पण बाळा, आपलं माणूस जाताना उशाशी बसणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी निरोप कळणं वेगळं."

तनया थोडा विचार करून म्हणाली, "पण तिथून संदेश यायला तासाच्या वर लागतो. म्हणजे तुम्ही ऐकलं असतं, तेव्हा ती आधीच..."

"खरं आहे तुझं. तिची शेवटची हाक वाटेवर होती. ती पोचेल तेव्हा दारात कुणीतरी असावं, एवढंच मला वाटत होतं." आजींनी डोळे पुसले आणि चष्मा चढवला. "असो. बिघाड शोधू या. एका केबलमधून चार टीव्हींना चार वेगळी चित्रं कशी जातात, सांग बरं."

"एकामागून एक?"

"नाही, एकाच वेळी. गाण्याच्या कार्यक्रमात तबला आणि बासरी एकाच हवेतून येतात, तरी तुझ्या कानाला वेगळी कळतात ना? कारण बासरीची कंपनं भरभर, तबल्याच्या डग्ग्याची सावकाश. एका सेकंदात किती कंपनं होतात, त्याला वारंवारता म्हणतात. केबलमध्येही तसंच. वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी शेजारीशेजारी वाहतात, एकमेकींत मिसळत नाहीत."

"मग सगळी चॅनेल्स तशीच का नाही पाठवत?"

"उपग्रहावरून येतात फार. सगळी एकदम त्या केबलमध्ये मावत नाहीत. म्हणून प्रत्येक टीव्हीला वारंवारतेचा एकेक कप्पा नेमून दिलेला असतो. माझा तिसरा. मी चॅनेल बदललं, की माझा बॉक्स त्याच केबलमधून वर निरोप धाडतो, 'तिसऱ्या कप्प्यात अमुक पाठव.' छत्रीच्या तोंडाशी एक डबा असतो (त्याला एलएनबी म्हणतात). तो उपग्रहाकडून आलेल्या लहरींतला तेवढा गठ्ठा उचलतो, त्याची वारंवारता बदलतो आणि माझ्या कप्प्यात बसवून खाली सोडतो."

"आणि दोन टीव्हींनी एकच कप्पा मागितला तर?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि तनयाला आपल्या खोलीतला बॉक्स आठवला.

आजी सांगतच होत्या, "त्या डब्याला टीव्ही दिसत नाहीत, फक्त कप्प्याचा आकडा कळतो. जो शेवटी मागेल, त्याचं चित्र त्या कप्प्यात. पहिल्याच्या पडद्यावर 'सिग्नल नाही'."

गेल्या आठवड्यात मामाने आपला जुना बॉक्स तनयाला दिला होता. तिने तो स्वतःच खोलीतल्या केबलच्या जोडाला लावला. 'कप्पा क्रमांक?' असं पडद्यावर आलं, तेव्हा कुणालाही न विचारता तिने आवडता आकडा दाबला होता. तीन. काल ती कबड्डीचा अंतिम सामना बघत होती. चित्र सारखं जात होतं, कारण आजीही आपलं चॅनेल पुन्हा लावत होत्या, आणि वैतागून ती पुन्हा पुन्हा तेच चॅनेल लावत होती. दर वेळी पलीकडे आजींची टिटवी पुसली जात होती.

गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं. तनयाने ताटली खाली ठेवली.

"आजी, ती मी होते," ती कशीबशी म्हणाली आणि रडत रडत तिने सगळं सांगितलं.

आजींनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मी तुमचं दार वाजवलं होतं गं. तुमच्या टीव्हीवर बघावं म्हणून."

"आई कामावर होती आणि मी हेडफोन लावले होते."

यावर आजी 'असू दे' म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, गुडघे धरत तनयाच्या खोलीत आल्या आणि बॉक्ससमोर बसल्या. "चार घरांचे चार कप्पे गेले. पाचवा मोकळा आहे. लाव."

तनयाने पाच दाबलं. दोन्ही घरांतले टीव्ही एकदम लावून पाहिले. इकडे एक चित्र, तिकडे दुसरं, दोन्ही स्थिर. कोडं सुटलं होतं, पण तनयाला जराही आनंद झाला नाही.

"आजी, तो आवाज मला ऐकवाल?"

सकाळच्या बातमीतला तुकडा आजींनी पुन्हा लावला. दूरच्या चंद्रावरचा जड, संथ वारा घुमला, मध्येच खरखरला आणि थांबला.

"हे ऐकू येण्यासाठी तुम्ही किती वर्षं काम केलंत?" तनयाने हळूच विचारलं.

"तुझ्या वयापेक्षा जास्त. आता दुसरं यान बांधताहेत. त्याचा कान अजून चांगला असेल. ते पोचेल तेव्हा तू कॉलेज संपवलेलं असशील. आणि मी..." आजी किंचित हसल्या. "मी असेन नसेन. त्या दिवशी तू दारात उभी राहा."

"राहीन," तनया म्हणाली आणि आजींच्या जवळ सरकली. "पण आजी, कान बनवतात कसा, ते मला आजपासूनच सांगा."